डोमेनची हद्द आणि पीएच.डी.ची मुदत

ऑगस्ट २०२५मध्ये माझ्या पीएच.डी.चं नोटिफिकेशन, म्हणजे पदवी मंजूर झाल्याचं विद्यापीठाचं पत्र, निघालं. तेव्हापासून मैत्रिणींचे फोन दोनच प्रश्नांसाठी येतात. "नोकरी सांभाळून कसं जमवलंस?" आणि "तुझा विषय नक्की काय होता गं?" दोन्हीची उत्तरं फोनवर नीट होत नाहीत, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. प्रोग्रामिंगचं शिक्षण नव्हतं, प्रयोगशाळा नव्हती, फेलोशिप नव्हती. विषय होता प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांमधली डोमेन संगणकाने ओळखण्याच्या पद्धती, आणि त्या पद्धती क्षयरोगाच्या जिवाणूच्या प्रथिनांवर कितपत टिकतात ते पाहणं.

हा विषय घेण्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. आमच्या विभागात धड चालणारा सेंट्रिफ्यूजही नाही, पण प्रथिनांच्या रचना घरबसल्या फुकट मिळतात. प्रोटीन डेटा बँक १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाली आणि जानेवारी २०२३मध्ये तिने दोन लाखांचा आकडा ओलांडला. सगळं खुलं आहे. लॉगिन नाही, फी नाही, प्राचार्यांची सही नाही.

आता डोमेन म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी. साखळीतल्या एकेका अमिनो आम्लाला आमच्यात रेसिड्यू म्हणतात. साखळीला घड्या पडून आकार येतो. छोटी प्रथिनं एकाच गोळ्यात आटोपतात, मोठ्यांमध्ये साखळीचे वेगवेगळे भाग भुईमुगाच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे आपापल्यापुरते घट्ट होतात. या दाण्यांना डोमेन म्हणायचं. वेटलॉफर यांनी १९७३मध्ये मांडलं की हे भाग स्वतंत्रपणे घडी घेऊ शकणारे असावेत. त्याच सुमारास रॉसमन यांनी दाखवलं की वेगवेगळ्या डीहायड्रोजनेज एन्झाइमांमध्ये (एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) न्यूक्लिओटाइड हा छोटा रेणू धरणारा एकच घाट पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे पहिल्यापासूनच दोन व्याख्या झाल्या : स्वतंत्र घडी घेतं ते डोमेन, आणि उत्क्रांतीत पुन्हा पुन्हा वापरलं जातं ते डोमेन. नुसतं दिसायला घट्ट आणि सुटं असतं ते डोमेन, ही तिसरी. बहुतेक वेळा तिन्ही एकाच जागी बोट ठेवतात. जिथे ठेवत नाहीत, तिथे माझी साडेचार वर्षं गेली.

प्रवेशपरीक्षा झाली, मग संशोधन मान्यता समितीपुढे सादरीकरण झालं. ते ऑनलाइन होतं, कोविडचे दिवस होते. एका सदस्यांनी विचारलं, "पण मॅडम, यात प्रयोग कुठे आहे?" संगणकीय विषय घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा. मी सांगितलं की कुठलीही पद्धत एका ठरावीक प्रथिनसंचावर चालवायची, तज्ज्ञांच्या निर्णयाशी ताडायची आणि ती कुठे चुकते ते मोजायचं, हाच प्रयोग. जानेवारी २०२१ची नोंदणी मिळाली. मुदत सहा वर्षं, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत. कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र मात्र नोंदणीच्या आधीच हातात हवं. आमच्याकडे संस्थेच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मान्यता मिळाल्यावरच ते निघतं आणि बैठक तीन-तीन महिन्यांनी होते. अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलेलाच नाही असं समजा.

कोर्सवर्क शनिवार-रविवारी ऑनलाइन चालायचं. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीती हा दोन क्रेडिटचा पेपर सक्तीचा असतो. कंटाळवाणा वाटतो, पण पुढे साम्य तपासणीच्या (प्रबंधातला मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, याच्या तपासणीच्या) वेळी त्यातलंच ज्ञान कामी येतं.

सरांनी (म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी) पहिल्या दिवसापासून एक गोष्ट ठरवली होती. "मॅडम, प्रोग्रामच्या मागे इतक्यात लागू नका. आधी डोळ्यांनी बघा, हाताने तोडा. मशीन नंतर." म्हणून २०२१चा उन्हाळा मी पायमॉल हा रचना बघायचा प्रोग्राम उघडून रचना फिरवण्यात घालवला. रोज रात्री जेवणं आटोपली की दोन-तीन साखळ्या घ्यायच्या, डोमेन कुठून कुठपर्यंत ते वहीत लिहायचं, मग स्कॉप आणि कॅथ या दोन वर्गीकरणांत काय दिलंय ते बघायचं. स्कॉप १९९५चं, केंब्रिजमध्ये मुर्झिन आणि सहकाऱ्यांनी मुख्यत: नजरेने पारखून केलेलं. कॅथ १९९७चं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातलं. त्यात यंत्र आणि माणूस दोन्ही. स्कॉप उत्क्रांतीचा विचार करून मोठे तुकडे ठेवतं, कॅथ रचना बघून अधिक बारीक तोडतं. दोन्हीकडे जगातले जाणकार बसलेले, आणि तरी कित्येक साखळ्यांवर त्यांचं जुळत नाही, हे त्या उन्हाळ्यात दिसलं. मला आधी वाटायचं की बरोबर उत्तर कुठेतरी छापलेलं असणार आणि पद्धतीला त्यावरून गुण द्यायचे.

एकच रचना जवळून दाखवते, कारण प्रबंधभर ती माझ्यासोबत होती. ई. कोलाय जिवाणूचं अ‍ॅडेनिलेट कायनेज. हे एक एन्झाइम, २१४ रेसिड्यूंचं, म्हणजे छोटंसंच. डेटा बँकेत ते दोन अवस्थांत आहे : ४एकेई ही उघडी आणि १एकेई ही मिटलेली (ही तिथल्या नोंदींची नावं). त्यात तीन भाग मानतात. ३० ते ५९ हा एएमपी नावाचा छोटा रेणू धरणारा भाग, १२२ ते १५९ हे झाकण, आणि उरलेला सगळा गाभा. गाभा म्हणजे १ ते २९, ६० ते १२१ आणि १६० ते २१४. नीट बघा : गाभ्याचे साखळीवर तीन तुकडे आहेत आणि मधल्या फटींमध्ये दुसरी दोन डोमेन घुसलेली आहेत. शेंगेचं उदाहरण इथे मोडलं. अशा डोमेनला खंडित म्हणतात आणि जवळपास प्रत्येक पद्धत इथेच अडखळते. आता १एकेई उघडा. आत दोन्ही सब्स्ट्रेटची (एन्झाइम ज्यांच्यावर काम करतं त्या रेणूंची) जागा एकदमच घेणारा इनहिबिटर, म्हणजे काम अडवणारा रेणू, बसलाय, झाकण खाली आलंय, एएमपीचा भाग आत सरकलाय. प्रथिन तेच, साखळी तीच, पण झाकण आणि गाभा यांच्यात आता कितीतरी जास्त संपर्क (म्हणजे एकमेकांजवळ आलेल्या रेसिड्यूंच्या जोड्या) आहेत. संपर्क मोजून तोडणाऱ्या पद्धतीला इथे तोडायला जागाच दिसत नाही. मग याची डोमेन तीन की एक? क्षयाच्या जिवाणूतलं हेच एन्झाइम १८१ रेसिड्यूंचं आहे आणि त्याचं झाकण आखूड आहे. तिथे झाकणाला डोमेन म्हणायचं का, यावर सरांशी माझी पहिली खरीखुरी चर्चा झाली.

२०२१च्या पावसाळ्यापासून जुन्या पद्धती हातात घेतल्या. यांची मूळ कल्पना सोपी आहे : डोमेनच्या आत संपर्क दाट, दोन डोमेनच्या मध्ये विरळ. १९९५च्या डोमॅक या पद्धतीचं सूत्र तर पाटीवर करून बघता येतं. साखळी एका जागी तोडा. अ भागातले आतले संपर्क भागिले अ-ब मधले संपर्क, गुणिले ब भागातले आतले संपर्क भागिले अ-ब मधले संपर्क. समजा अ मध्ये ३००, ब मध्ये २०० आणि दोघांमध्ये २० संपर्क आहेत. १५ गुणिले १०, उत्तर १५०. तीच साखळी भलत्या जागी तोडली आणि अ मध्ये २४०, ब मध्ये १६०, मध्ये १२० पडले, तर उत्तर पावणेतीनही येत नाही. सगळ्यात मोठा आकडा येईल तिथे सुरी लावायची. खंडित डोमेनसाठी दोन-दोन जागी एकदम तोडून बघावं लागतं आणि मग शक्यता साखळीच्या लांबीच्या वर्गाने वाढतात.

होल्म आणि सँडर यांच्या १९९४च्या पुयू पद्धतीत वेगळाच विचार आहे : एकमेकांच्या सापेक्ष सर्वात सैल हलू शकतील असे दोन भाग शोधायचे. त्याच काळातली डायल ही पद्धत सौधामिनी आणि ब्लंडेल यांची. त्यांपैकी सौधामिनी पुढे बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत हेच क्षेत्र चालवत राहिल्या, म्हणून त्यांचे पेपर वाचताना जरा घरचं वाटायचं. २०००ची डोमेनपार्सर मला सगळ्यात जास्त आवडली. रेसिड्यू म्हणजे जंक्शन, संपर्क म्हणजे पाइप; एका टोकाने पाणी सोडायचं आणि प्रवाह सर्वात अरुंद कुठे होतो ते शोधून तिथे कापायचं. फोर्ड आणि फुल्करसन यांचं पन्नासच्या दशकातलं प्रमेय इथे जसंच्या तसं वापरलंय. बीटा शीटमधून (साखळीच्या शेजारी-शेजारी जोडलेल्या पट्ट्यांच्या चादरीतून) काप जाऊ नये म्हणून त्या पट्ट्यांमधले पाइप मुद्दाम जाड केलेले असतात. साखळीतला क्रम या पद्धतीला फारसा महत्त्वाचा नसल्यामुळे खंडित डोमेनचं तिला तितकं वावडं नाही.

वाचायला हे सगळं छान. चालवायला बसल्यावर कळलं की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या काही प्रोग्रामांची पानं बंद पडलीत, काहींचा सोर्स आजच्या कंपायलरवर चढत नाही, आणि काहींना शैक्षणिक परवाना लागतो. परवान्यावर संस्थाप्रमुखाची सही हवी आणि अर्ज संस्थेच्या ईमेलवरूनच हवा. जीमेल चालत नाही. आमच्या कॉलेजला स्वत:चं डोमेन असलेलं ईमेल नव्हतं (हो, हे डोमेन वेगळं). ते काढून घेण्यात दिवाळी उजाडली. तुम्ही नोंदणी केलीत की पहिल्याच आठवड्यात हा अर्ज टाका. पुढे सुपरकॉम्प्युटरचं खातं, जर्नलला पेपर पाठवणं, शोधगंगा (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार), सगळीकडे तो पत्ता लागतो. जुन्या पद्धतींच्या लेखकांना पत्र लिहायला लाजू नका. चार ओळींचं, आपण कोण, काय हवंय आणि कशासाठी, एवढंच. मला बहुतेकांनी उत्तरं दिली. एका निवृत्त प्राध्यापकांनी जुन्या डिस्कवरून फाइल शोधून पाठवली.

क्रमांकांबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण कुठल्याच पेपरात हे ठळक लिहिलेलं नसतं. डेटा बँकेच्या फाइलमध्ये रेसिड्यूचे क्रमांक एकापासून ओळीने असतीलच असं नाही. शुद्धीकरणासाठी जोडलेल्या हिस्टिडिन शेपटीमुळे उणे क्रमांक येतात. लवचीक वळणं क्रिस्टलमध्ये (प्रथिनाच्या ज्या स्फटिकावरून रचना काढतात त्यात) दिसली नाहीत तर मधले क्रमांक गायब असतात. प्रतिपिंडांसारख्या प्रथिनांत ५२ नंतर ५२ए येतो. सेलेनोमेथिओनिन (मेथिओनिन या अमिनो आम्लाचं प्रयोगासाठी बदललेलं रूप) हेटअ‍ॅटम (म्हणजे नेहमीच्या साखळीबाहेरचा अणू) म्हणून नोंदलेलं असतं आणि भाबडा प्रोग्राम ते गाळून टाकतो. एक पद्धत फाइलमधले क्रमांक देते, दुसरी शून्यापासून मोजते, तिसरी एकापासून. हे सगळं एका मापात आणल्याशिवाय तुलना करणं व्यर्थ. नवी एमएमसीआयएफ फाइल वापरा; तिच्यात लेखकाचा क्रमांक आणि साखळीतला सलग क्रमांक दोन्ही वेगळे दिलेले असतात. युनिप्रॉटशी (प्रथिनांच्या साखळ्यांच्या डेटाबेसशी) जोडायला सिफ्ट्स या सेवेच्या तयार जुळण्या घ्या. पायथनमध्ये यासाठीचा छोटा प्रोग्राम मी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या एका माजी विद्यार्थ्याकडून शिकले. तो तेव्हा पुण्यात नोकरीला होता. "मॅडम, तुम्ही मला बेडूक शिकवलात, मी तुम्हाला डिक्शनरी शिकवतो," म्हणाला. दर रविवारी रात्री नऊ वाजता गूगल मीट.

गुण कसे द्यायचे, हाही प्रश्नच होता. डेटा बँकेतल्या पुष्कळशा साखळ्या एकाच डोमेनच्या असतात. त्यामुळे जी पद्धत डोळे मिटून प्रत्येक वेळी "एक" म्हणेल तिलाही बरे गुण मिळतात. तुम्ही तुलना करणार असाल तर ही बिनडोक पद्धत तक्त्याच्या पहिल्या ओळीत ठेवाच, आणि एकापेक्षा जास्त डोमेनच्या साखळ्यांचे गुण वेगळे दाखवा. डोमेनची संख्या जुळली की नाही, सीमारेषा ठरावीक रेसिड्यूंच्या आत आली की नाही, आणि एकूण आच्छादन किती, हे तिन्ही मोजलं. तज्ज्ञांमध्ये एकमत असलेल्या साखळ्यांचा संच आणि मतभेद असलेल्यांचा संच सरांनी वेगवेगळा ठेवायला लावला. "दुसरा संच टाकून देऊ नका," म्हणाले. तेव्हा मला ते आवडलं नव्हतं, कारण त्या संचावर कुठलीच पद्धत धड चालत नव्हती आणि तक्ते भिकार दिसत होते.

जुलै २०२१मध्ये अल्फाफोल्डचा, म्हणजे साखळीवरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रोग्रामचा, डेटाबेस आला. सुरुवातीच्या जीवांमध्येच क्षयरोगाचा जिवाणू होता, त्याची जवळजवळ चार हजार प्रथिनं. जुलै २०२२मध्ये तो डेटाबेस २० कोटींच्या पलीकडे गेला. मी ज्या संचावर काम करत होते तो डेटा बँकेतला, मोजक्या क्रिस्टल रचनांचा. आता संपूर्ण जिवाणू समोर होता. सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत संशोधन सल्लागार समितीने सुचवलं की अंदाजित रचना घ्याच. पण माझ्या नोंदणीकृत शीर्षकात "क्रिस्टल संरचना" असे शब्द होते! शीर्षक बदलायचं तर ठरावीक नमुन्यातला अर्ज, मार्गदर्शकांची शिफारस, शुल्काचं चलन, आणि पुन्हा मान्यता समितीचा ठराव. पाच महिने गेले. शीर्षक सुरुवातीला जरा ऐसपैस ठेवा. पद्धतीचं नाव, साल, डेटाबेसचं नाव त्यात घालू नका.

अंदाजित रचनांनी नवे प्रश्न आणले. प्रत्येक रेसिड्यूला ० ते १००च्या मापावर विश्वासाचा गुण असतो. ५०च्या खालचे भाग बहुधा विस्कळीत, म्हणजे चित्रात हवेत पसरलेल्या लांब दोऱ्या. त्या दोऱ्यांना डोमेन म्हणायचं नाही, पण जुन्या पद्धती त्या भरलेल्या रचनेवर बिथरतात. आधी त्या छाटून घ्याव्या लागतात. दुसरी देणगी म्हणजे पीएई : रेसिड्यूंच्या प्रत्येक जोडीसाठी, एकाला जागेवर धरलं तर दुसऱ्याच्या जागेत किती चूक अपेक्षित आहे याचा तक्ता. ज्या रेसिड्यूंमध्ये ही चूक कमी ते एकत्र, असे गट पाडले की डोमेनसारखं काहीतरी दिसतं. हजार रेसिड्यूंच्या प्रथिनाचा तक्ता दहा लाख आकड्यांचा होतो, तेव्हा हार्डडिस्कचा अंदाज आधी घ्या. मी दोन टीबीची घेतली, साडेपाच हजारांना. आणि सर्वात लांब प्रथिनं तिथे नसतात. २,७०० रेसिड्यूंच्या वरची या संचात घेतलेली नाहीत. त्यामुळे क्षयाच्या जिवाणूतलं पीकेएस१२, चार हजारांहून अधिक रेसिड्यूंचं आणि डोमेनच्या अभ्यासासाठी अगदी मेजवानीच, तेच नेमकं गैरहजर.

२०२३मध्ये डीप लर्निंगच्या पद्धती आल्या. चेनसॉ ही पद्धत प्रत्येक दोन रेसिड्यूंसाठी "हे एकाच डोमेनमधले असण्याची शक्यता किती" याचा तक्ता बनवते आणि त्यावरून गट पाडते. मेरिझोने अल्फाफोल्डमधलीच एक यंत्रणा डोमेन तोडायला वापरली. दोन्ही लंडनच्याच गटांमधल्या आणि दोन्हींचा सोर्स खुला. या चालवायला ग्राफिक्स कार्ड असेल तर बरं. मी एका राष्ट्रीय सुविधेकडे खातं मागितलं. अर्ज, मार्गदर्शकांचं पत्र, प्रकल्पाचा सारांश, वापराच्या तासांचा अंदाज. खातं मिळायला दोन महिने, आणि मग काम रांगेत लावून "पेंडिंग" वाचत बसायचं. सेमिस्टरच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाला उभी असताना मी मनात त्या रांगेचाच विचार करत असायची. शेवटी दिवाळीच्या बोनसमधून आणि घरातल्यांच्या संमतीने १२ जीबीचं एक ग्राफिक्स कार्ड घेतलं, साधारण तीस हजारांचं. चार हजार प्रथिनांसाठी ते पुरतं. कोट्यवधी करायची असतील तरच मोठ्या यंत्राच्या मागे लागा.

इथे एक मेख आहे. या नव्या पद्धती कॅथच्या निर्णयांवर शिकलेल्या असतात. मग कॅथवरच त्यांची परीक्षा घेतली तर गुण चांगले येणारच. निदान शिकवणीत वापरलेल्या प्रथिनांशी नातं असलेली प्रथिनं परीक्षेतून काढायला हवीत. शिवाय कॅथची मतं हाच त्यांचा संस्कार असल्यामुळे, जिथे स्कॉप आणि कॅथ भांडतात तिथे या कॅथच्या बाजूने बोलतात. अ‍ॅडेनिलेट कायनेजची उघडी आणि मिटलेली अशा दोन्ही अवस्था मी प्रत्येक पद्धतीला दिल्या. पद्धतीचा स्वभाव ओळखायला इतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही.

२०२४ हे वर्ष वाईट गेलं. सासूबाईंचं ऑपरेशन, कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती, आणि वर्ष संपत आलं असताना सायन्स या जर्नलमध्ये "टेड" हा डोमेनचा कोश प्रसिद्ध झाला. मेरिझो, चेनसॉ आणि युनिडॉक या तीन पद्धती अल्फाफोल्डच्या सगळ्या डेटाबेसवर चालवून, त्यांच्या एकमताने त्यांनी ३६ कोटींहून अधिक डोमेन काढली होती. त्याआधी ऑक्टोबरातच बेकर, हसाबिस आणि जंपर यांना प्रथिनांच्या रचनांवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं होतं आणि स्टाफरूममध्ये सगळे "तुमच्या विषयाला नोबेल मिळालं की" म्हणून पेढे मागत होते. टेडचा पेपर मी रात्री वाचला आणि दुसऱ्या दिवशी तास घेताना काय शिकवलं ते मला आठवत नाही. माझ्या जिवाणूची बहुतेक डोमेन त्यात आलेली होती. चार वर्षांचं काम कुणीतरी हजारो पटीने करून टेबलावर ठेवलं होतं.

सरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तिघांचं एकमत झालं ती मोठी खात्रीची, दोघांचं झालं ती मध्यम. बरोबर? आणि जिथे कुणाचंच जुळलं नाही, ती प्रथिनं त्यांनी काय केली?" ती अर्थातच एकमताच्या यादीत नव्हती. "मग तुमचा दुसरा संच काढा, मॅडम."

भिकार तक्त्यांचा तो संच. त्यावर मग २०२५च्या मार्चपर्यंत काम केलं आणि प्रबंधातलं सगळ्यात लांब प्रकरण तेच झालं. पद्धतींची भांडणं जिथे होतात त्या प्रथिनांची मी कारणांनुसार वाटणी केली : खंडित डोमेन, लवचीक बिजागरी, लहान आकार, एकाच घाटाची ओळीने पुनरावृत्ती, आणि कमी विश्वासाचे भाग. क्षयाच्या जिवाणूत पीई आणि पीपीई नावाची मोठी घराणी आहेत. त्यांच्या सुरुवातीचा भाग सगळ्यांना ओळखू येतो, पीईचा साधारण ११० रेसिड्यूंचा आणि पीपीईचा १८०चा. पुढची ग्लायसिनने भरलेली लांब शेपटी आली की एक पद्धत तिला डोमेन म्हणते, दुसरी तिचे तुकडे करते, तिसरी सोडून देते. पुनरावृत्तीच्या प्रथिनांत तर "किती डोमेन" हा प्रश्नच मला आता पटत नाही. प्रत्येक आवर्तन वेगळं मोजायचं की सगळी मिळून एक, हे आपण कशासाठी मोजतोय त्यावर ठरतं. औषधासाठी प्रथिनाचा तुकडा प्रयोगशाळेत बनवायचा असेल तर स्वतंत्र घडी घेणारा भाग हवा. नातं शोधायचं असेल तर उत्क्रांतीतला भाग हवा. हे प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लिहून टाकलं आणि मग वाद बरेच मिटले.

पूर्वसादरीकरण झालं. माझी नोंदणी जुन्या नियमांतली, त्यामुळे एक शोधनिबंध सक्तीचा होता. नोव्हेंबर २०२२च्या नव्या नियमांत यूजीसीने ती सक्ती काढली, पण आपल्याला कुठला नियम लागू ते नोंदणीच्या तारखेवरून बघा. मी पेपर वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमध्ये दिला, कारण खुल्या जर्नलांचं शुल्क डॉलरमध्ये असतं आणि आपल्या पगारात ते झेपत नाही. दोन परीक्षकांच्या फेऱ्या धरून आठ महिने लागले. तेव्हा पेपर प्रबंधाच्या आधी वर्षभर पाठवा.

साम्य तपासणीत मर्यादा १० टक्क्यांची. पद्धतींचं वर्णन करणारं प्रकरण तिथे हमखास अडकतं, कारण "किमान काप" किंवा "संपर्क घनता" यांची वाक्यं जगात सगळे सारखीच लिहितात. मी ते प्रकरण समोर एकही पेपर न ठेवता, वहीतल्या आकृत्यांवरून पुन्हा लिहिलं. स्वत:चा पेपरही साम्यात धरला जातो; तो वगळायला मार्गदर्शकांचं पत्र लागतं. तपासणीचं प्रमाणपत्र ग्रंथालयातून, देयके नसल्याचा दाखला चार विभागांतून, आणि प्रत्येकाची खिडकी दुपारी वेगळ्या वेळी उघडते. त्या दिवशी रजा टाकाच आणि डबा न्या. छपाई-बांधणीला प्रतीमागे सहाशेच्या आसपास गेले. रंगीत चित्रांची पानं तेवढी रंगीत काढली, बाकी काळी-पांढरी. सगळी रंगीत काढली असती तर तिप्पट झाले असते. प्रबंध एप्रिल २०२५मध्ये दिला.

मौखिकी जुलैअखेर झाली. बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "टेड आल्यावर या प्रबंधाची गरज काय?" मी मतभेदांचा तक्ता पडद्यावर ठेवला आणि अ‍ॅडेनिलेट कायनेजच्या दोन अवस्था दाखवल्या. त्यांनी बराच वेळ त्यावरच घेतला. अंदाजित रचना बहुधा एकच अवस्था देते, मग बिजागरीची डोमेन तुम्ही कशी ओळखणार, असं खोदून विचारलं. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि तसं मी सांगितलं. किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या : दोन आकृत्यांची मापं आणि एका परिशिष्टातले क्रमांक.

शोधगंगेसाठी प्रबंध प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये लागतो. शीर्षकपान, प्रमाणपत्रं, संदर्भ सगळं सुटं. फाइलींची नावं विद्यापीठाच्या नमुन्याप्रमाणेच द्या, नाहीतर सीडी परत येते. हो, अजून सीडीच मागतात. कॉलेजच्या जुन्या संगणकावर रायटर होता म्हणून निभावलं. नोटिफिकेशन आल्यावर लगेच प्रोव्हिजनल प्रमाणपत्राचा अर्ज करा. पदवीदान समारंभाची वाट बघू नका, आणि सेवापुस्तकातली नोंद कार्यालयात स्वत: उभं राहून करून घ्या. क्रमांक एका मापात आणणारा तो पायथन प्रोग्राम आणि मतभेदांची यादी दोन्ही खुली ठेवली आहेत. कुणाला हवी असतील तर मागा, पाठवते. यादीत पीई घराण्याच्या रांगा आधी बघा, तिथे अजून बरंच काम पडून आहे.